अलग आदमी

डोमाजी गजभियेला चहा द्यायचा तर आधी रिकामा कप द्यावा लागे. तो कप उचलायचा, उलटा करायचा, बूड डोळ्यांजवळ नेऊन पाहायचा, वरून अंगठा फिरवायचा, मग सुलटा ठेवून म्हणायचा, "आता भर." भरलेला कप समोर आला तर हात लावत नसे. चहावाला म्हणायचा, भाई, ठंडा हो जाएगा. डोमाजी म्हणायचा, होऊ दे.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांतली ही गोष्ट. कॅम्पातल्या साऱ्या टपरीवाल्यांना ही खोड ठाऊक झाली होती. एक पंजाबी चहावाला त्याला जौहरी म्हणायचा. त्याला वाटे, डोमाजी कपाच्या बुडाशी कंपनीचा छाप शोधतो. कोणी म्हणे चिरा पाहतो, कोणी म्हणे मंतर मारतो. मला खरं कारण ठाऊक होतं, पण मला कोणी विचारलं नाही. न विचारता सांगायची माझी सवय नाही.

आता सांगतो आहे, कारण मला राग आला आहे. गेल्या महिन्यात रुआबांध्याला आमच्या समाजाचा कार्यक्रम झाला. एका पेन्शनरने, नाव घेत नाही, माइक हातात घेतला आणि डोमाजीची मद्रासी हॉटेलातली गोष्ट सांगितली. सारा मांडव हसला. पोरीबाळी पदर तोंडाला लावून हसल्या. मी उठून विचारलं की तू तेव्हा भिलाईत तरी होतास काय. तो म्हणाला, काकाजी, बसा. मी बसलो नाही, घरी आलो. सून म्हणाली, बाबा, एवढं तोंडाने भांडण्यापेक्षा लिहून काढा. मी चौथी नापास आहे. पण चौथी नापास माणसाने लिहू नये असं कोण्या कायद्यात आहे? चुका सापडतील त्या ज्याच्या त्याने दुरुस्त करून घ्याव्या.

डोमाजी आणि मी एका गावचे, भंडाऱ्याच्या बाजूचे. दोघं एकाच गाडीने आलो, एकाच टिनाच्या शेडमध्ये खाटेला खाट लावून राहिलो आणि एकाच गँगमध्ये रिगर झालो. रिगर म्हणजे दोर आणि चेन लावून लोखंड वर चढवणारा. आज लोक कारखान्याची चिमणी पाहतात. ती चिमणी आभाळातून उतरली नाही.

डोमाजी उंच, काटकुळा, मानेचा मणका बाहेर आलेला. डोक्याला गमछा. एकच पांढरी पॅन्ट होती, ती ऐतवारी घालायची आणि आठवडाभर अंथरुणाखाली दाबून ठेवायची. बाकी सहा दिवस काळी चड्डी आणि लाल धूळ. दोर ढिला दिसला की त्याला चैन पडत नसे, मग तो दोर कोणाचाही असो. बाजारात कोणाच्या बैलबंडीचा दोर सुटलेला दिसला तरी थांबून बांधून द्यायचा. मालकाने विचारलं, तुम कौन? तर म्हणायचा, रिगर.

आणि त्याचा एक शब्द होता, कावून. आमच्याकडे 'का' ला कावून म्हणतात. डोमाजी दिवसातून शंभर वेळा म्हणायचा. चेन इथं लाव. कावून? रांगेत उभा राहा. कावून? आज जेवणात आलू आहे. कावून? त्यात भांडण नसे. त्याला खरंच कारण हवं असायचं. कारण कळलं की तो जीव ओतून काम करायचा. नाही कळलं तर तिथंच खुंट्यासारखा उभा.

एकदा रशियन साहेबाने वर चढून खुणेने सांगितलं की बीम डावीकडून घ्या. डोमाजी म्हणाला, "कावून?" साहेब आधी चमकला आणि मग पोट धरून हसला. लाल तोंड आणखी लाल झालं. डोमाजी तसाच उभा. शेवटी दुभाषी चढून आला, त्याने सांगितलं की साहेबाच्या गावाकडे कावून म्हणजे टरबूज. एवढ्या उंचावर, एवढ्या उन्हात हा माणूस टरबूज मागतो आहे असं साहेबाला वाटलं. त्या दिवसापासून गँगने त्याचं नाव टरबूज ठेवलं. डोमाजीला त्याचा फार राग. म्हणायचा, "मी सवाल करून राहिलो अन् हा फळ समजते." पण साहेबाचंही सांगितलं पाहिजे. तो मग डोमाजीला प्रत्येक कामाचं कारण दुभाष्याकडून समजावून सांगायचा. आमच्या गँगमध्ये रशियन माणसाने कारण सांगितलेला तो एकटाच. टरबूज म्हणणाऱ्यांना कोणी काही सांगितलं नाही, ते नुसते ओझं ओढत राहिले. मी पण ओढलं.

आता कपाचं. आमच्या गावी बस थांबायची तिथं एक हॉटेल होतं. आत बाकं होती, ती आमच्यासाठी नव्हती. बाहेर भिंतीत एक कोनाडा, त्यात आमचे कप. आतल्या कपांत चुकून मिसळू नयेत म्हणून त्यांच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका. आपण कोनाड्यातून कप काढायचा, पुढे धरायचा, हॉटेलवाला हातभर वरून चहा ओतायचा. उभ्याने प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. काही खायला मागितलं तर पळसाच्या पानावर टाकायचा. ते पानही आपणच उचलून दूर नेऊन फेकायचं. दीक्षा घेतली त्या दिवसापासून डोमाजीने त्या हॉटेलकडे पाहिलं नाही, आणि भिलाईत आल्यावर तो ज्याला त्याला सांगायचा, "इथं टोकन नंबर विचारते. जात नाही विचारत." तरी कप उलटा केल्याशिवाय प्यायचा नाही. भिलाईवर त्याचा विश्वास होता, पण पाहून घेतलेला बरा.

अशात कॅम्पच्या बाजारात मद्रासी हॉटेल उघडणार अशी बातमी आली. बांबू ठोकले, टिना आल्या, आत फळ्यांचे बाक लागले. मालकाला सारे अण्णा म्हणत. काळा, गोल, कपाळावर राखेचे पट्टे, पांढरी लुंगी. हिंदी त्याची दहा-वीस शब्दांची, तेही आपल्या मर्जीने वापरायचा. हॉटेलात दोसा मिळणार होता. आम्ही दोसा पाहिला नव्हता. कोणी म्हणे हाताएवढा लांब असतो, कोणी म्हणे कागदासारखा वाजतो, कोणी म्हणे पोटात आलू भरून दुमडून देतात. आज स्मृती नगरातली पोरं काहीही कशातही दुमडून खातात आणि फोटो काढतात. तेव्हा दुमडलेलं खाणं ही बातमी होती.

डोमाजी रोज ड्युटी सुटली की तिकडे जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा. साऱ्या बाकांवर कोणीही बसेल काय. कप सारे एकसारखे आहेत काय. बाहेर कोनाडा ठेवणार काय. अण्णाला यातलं अक्षर कळत नसे, तो नुसता मान हलवून हसायचा. एक दिवस छपराच्या टिना हवेने उचलल्या. डोमाजीने पाहिलं की दोर ढिला बांधला आहे. झालं. चढला वर, जुना दोर सोडला, रिगरची गाठ मारून सारं छप्पर बांधून दिलं. ते छप्पर पुढच्या साऱ्या वादळांत जागचं हललं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

हॉटेल उघडलं त्या दिवशी आमची पहिली पाळी होती. भोंगा वाजला आणि डोमाजी मला ओढत निघाला. आत पाय ठेवणारा पहिला गिऱ्हाईक तो. मी हात धुवायला बाहेर थांबलो, म्हणून मागे राहिलो. तेवढ्यात दहा-बारा माणसं घुसली. मला दुसऱ्या बाकावर जागा मिळाली.

सगळ्यांसमोर जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळ्या आल्या. थाळीत दोसा, बाजूला चटणी. माझ्यासमोर पण थाळी आली. डोमाजीसमोर अण्णाने स्वतः येऊन केळीचं पान टाकलं. त्यावर पाणी शिंपडलं आणि दोसा पानावर ठेवला.

मी पाहिलं तेव्हा डोमाजीचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याने डावीकडे पाहिलं, थाळी. उजवीकडे पाहिलं, थाळी. माझ्याकडे पाहिलं, थाळी. मग अण्णाकडे पाहून तो म्हणाला, "कावून?"

अण्णाला शब्द कळला नाही, पण सवाल कळला. त्याने छातीवर हात ठेवला, तोंडभर हसला आणि आपल्या दहा-वीस शब्दांतले निवडून शब्द काढले. "वो लोग प्लेट. तुम पत्ता. तुम अलग आदमी."

बाकीचे खात होते. त्यांना 'अलग' हा एक हिंदी शब्द होता. आम्हा दोघांना तो कोनाड्यातून आल्यासारखा ऐकू आला.

डोमाजीने पानाची अलीकडची कड धरली, आतल्या दोशासकट पान पलीकडे दुमडलं, समोर सारलं आणि उठून बाहेर गेला. अण्णाचं हसू जागच्या जागी विझलं. तो आपल्या भाषेत काहीतरी ओरडला. मागे तव्यावर त्याची बायको होती, तिने डोकावून ते दुमडलेलं पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

मी खात राहिलो. हे मी लपवत नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि दोसा गरम होता.

बाहेर डोमाजी खांबाला टेकून उभा होता. त्याने विचारलं, "तू खाल्ला?"

मी म्हटलं, अर्धा तर आधीच खाऊन झाला होता.

"तं अर्धा कावून नाही ठेवला?"

मला राग आला. मी म्हटलं, ज्याला त्याला कारण विचारतोस ते ठीक, मला विचारू नको. तो म्हणाला, "तुले ताट भेटलं म्हणून तू चूप." शेडमध्ये येऊन त्याने खाटेचं उशाचं टोक पायथ्याकडे फिरवलं. पुढे आठ दिवस मला त्याच्या तोंडाऐवजी पायांचे तळवे दिसत राहिले. मी पण मनवायला गेलो नाही. माझी चूक नव्हती. आजही मी तसंच म्हणतो.

दुसऱ्या दिवसापासून डोमाजी रोज ड्युटी सुटल्यावर हॉटेलासमोर उभा राहू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून आपल्या हिंदीत सांगायचा, "भाई, अंदर मत जाना. अंदर पत्ते पे खिलाते है." परिणाम उलटा झाला. कॅम्पात मद्रास आणि आंध्राकडची माणसं कमी नव्हती. घर सोडल्यापासून त्यांनी केळीचं पान पाहिलं नव्हतं. पत्ता आहे म्हटल्यावर ते धावत आत जायचे आणि थाळी समोर आली की भांडायचे, पत्ता कुठं आहे म्हणून. अण्णाकडे पान होतंच कुठं? होतं ते एकच, ते डोमाजीने दुमडून ठेवलं होतं. मग अण्णा बाहेर यायचा, लुंगी खोचायचा आणि डोमाजीवर ओरडायचा. डोमाजी त्याच्यावर ओरडायचा. एक आपल्या भाषेत, दुसरा आपल्या भाषेत. एकाचा शब्द दुसऱ्याला कळत नव्हता, तरी मुद्दा कोणी सोडत नव्हतं. गिऱ्हाईक आत दोसा खाता खाता ऐकायचे. हॉटेल जोरात चाललं.

आमच्या गँगवर सुब्बू नावाचा तमिळ वेल्डर होता, हिंदी चांगली बोलायचा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यावरच उखडला. म्हणाला, तुझ्या त्या टरबूजाला काय झालं आहे? पहिला गिऱ्हाईक, त्यात फुकट छप्पर बांधून देणारा, म्हणून अण्णाने रुआबांध्याच्या केळीच्या बाडीतून मागून त्याच्यासाठी एक पान आणलं. आमच्यात पान मानाच्या माणसाला वाढतात. थाळी काय, थाळी कोणालाही देतात. आणि तुझ्या दोस्ताने काय केलं? पान पलीकडे दुमडलं. जेवण गोड लागलं की पान आपल्याकडे दुमडायचं. पलीकडे दुमडतात ते तेरवीला. नवीन हॉटेल, पहिला दिवस, पहिलं पान, आणि याने तेरवी करून टाकली. अण्णाची बायको दोन दिवस जेवली नाही.

मी म्हटलं, अण्णा तर त्याला अलग आदमी म्हणाला.

सुब्बू म्हणाला, मग काय म्हणेल? खास म्हणायचं होतं त्याला. शब्द सापडला तो वापरला.

मला तिघांचाही राग आला. अण्णाचा, की दहा शब्द येतात तर त्यात हाच कावून. डोमाजीचा, की जगाला कारण विचारतो आणि इथं विचारून उत्तराला थांबला नाही. आणि सुब्बूचा, की हे आठ दिवस आधी सांगायला त्याच्या तोंडाला काय झालं होतं.

संध्याकाळी मीच बोललो. डोमाजीच्या तळव्यांना उद्देशून सारं सांगितलं. तो उठून बसला, ऐकलं आणि म्हणाला, "तुले ताट भेटलं होतं. तू त्यायच्याकडूनच बोलशील."

मी म्हटलं, एका दोशासाठी एवढा तमाशा कावून? भिलाईत काय दुसरं हॉटेल नाही? टपऱ्या आहेत, चहा आहे, कप तू पाहून घेतोसच.

डोमाजीने पेटीतून एक पोस्टकार्ड काढलं. गावच्या मास्तरने मायच्या सांगण्यावरून लिहिलेलं. ती येत्या ऐतवारी भिलाईला येणार होती.

"टपरीत बाक नाही," तो म्हणाला. "मायनं उभ्या जन्मात हॉटेलात बसून चहा नाही पेला. बाहेर पेला, उभ्यानं. मी तिले सांगून आलो होतो, भिलाईले ये, तुले मधल्या बाकावर बसवतो. मी तिच्यासाठी कप पाहून राहिलो होतो, पुंडलिक. आल्यापासून."

मला वाटत होतं, कपाचं कारण मला ठाऊक आहे. अर्धंच ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक सरल्यावर, सुब्बू म्हणतो ते खरं काय हे पाहायला, आम्ही हॉटेलच्या मागे गेलो. दोन टिनांमध्ये बोटभर फट होती. आत अण्णा जेवायला बसत होता. भिंतीशी एका म्हातारीचा फोटो, त्याला सुकलेला हार. सुब्बूकडून पुढे कळलं की ती अण्णाची आई. त्याच्या बायकोने कुठून तरी पान मिळवलं होतं, त्याचे फाडून दोन तुकडे केले. एक फोटोसमोर मांडला, त्यावर पाणी शिंपडलं, दोसा ठेवला. दुसरा अण्णासमोर. थाळ्या साऱ्या धुवून एकावर एक रचलेल्या होत्या, तिकडे कोणी हात नेला नाही. अण्णा सावकाश जेवला आणि उठताना त्याने पान दुमडलं.

डोमाजी फटीला डोळा लावून होता. मान काढून म्हणाला, "सोताकडं दुमडते." बस, एवढंच. शेडमध्ये आल्यावर त्याने खाटेचं उशाचं टोक फिरवून परत माझ्याकडे केलं.

शनिवारी तो रुआबांध्याच्या बाडीत गेला. बाडीवाल्याने एवढी पानं मागताना पाहून विचारलं, बिहाव हे का? म्हणजे लग्न आहे काय. डोमाजी म्हणाला, माय येऊन राहिली. पानांचा भारा डोक्यावर घेऊन बाजारातून सरळ हॉटेलात शिरला. मी मागे. अण्णा त्याला पाहून लुंगी खोचू लागला.

डोमाजीने भारा टेबलावर ठेवला. माफी मागणं त्याला येत नसे. आमच्या गावच्या कोणालाच येत नाही. त्याने वरचं एक पान काढलं, टेबलावर पसरलं आणि शाळेत मास्तरसमोर धडा म्हणावा तसं हळूहळू ते आपल्या बाजूला दुमडलं. मग अण्णाकडे पाहिलं.

अण्णा पानाकडे पाहत राहिला. मग त्याने बायकोला हाक मारली. ती तवा सोडून आली, तिने पाहिलं आणि पदराने तोंड झाकून हसली. अण्णा आत गेला, एक रिकामा कप घेऊन आला, आणि डोमाजीने हात पुढे करायच्या आत त्याने स्वतःच तो उलटा करून दाखवला. बूड पांढरं होतं. म्हणजे आठ दिवसांच्या भांडणात डोमाजी समोरच्या टपरीवर चहा कसा पितो, एवढं अण्णाने पाहून ठेवलं होतं.

"आता भर," डोमाजी म्हणाला.

ऐतवारी माय आली. लहानशी, वाळलेली बाई, हिरवं लुगडं, हातात फडक्याचं गाठोडं. डोमाजीने पांढरी पॅन्ट घातली होती. आम्ही तिला हॉटेलापाशी आणलं, तर ती दाराच्या बाहेर, भिंतीला लागून, बरोबर कोनाडा असता तिथं जाऊन उभी राहिली. गाठोडं सोडलं आणि त्यातून पितळेची वाटी काढली.

"मी माह्यी वाटी आनली," ती म्हणाली. "त्यायले तरास नको."

डोमाजीने ती वाटी तिच्या हातातून घेतली आणि पॅन्टच्या खिशात कोंबली. मग तिचा दंड धरून आत नेलं आणि मधल्या बाकावर बसवलं. ती बाकाच्या अगदी कडेला टेकली, कोणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी. अण्णाने तिच्यासमोर पान मांडलं, पाणी शिंपडलं. डोमाजीसमोरही पान. मला थाळी आली. छप्पर मी बांधलं नव्हतं हे खरं, पण टिना खालून कोणी धरल्या होत्या?

पान पाहून मायने डोमाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "मानाचं हाय. राजा आला तरी पानावरच वाढते." तिने दोशाचा तुकडा मोडला, चावला, विचार केला.

"हे तं धिरडं हाय," ती म्हणाली. "पातय केलं."

सुब्बू बाजूला होता, त्याने ते अण्णाला सांगितलं. अण्णाला ते काही पटलं नाही, पण त्याने तिला आणखी एक आणून वाढलं. माय सारं जेवली. तोवर अण्णाने आम्हा तिघांपुढे चहाचे कप आणून ठेवले.

जेवण झाल्यावर माय उठली. उभ्या जन्माची सवय, तिने आपलं पान दोन्ही हातांनी गोळा केलं, आतली चटणी सांडू नये म्हणून छातीशी धरलं आणि बाहेर फेकायची जागा शोधू लागली. अण्णा पलीकडून धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर मला पुन्हा तोच पहिल्या दिवसाचा राग दिसला. "नई, अम्मा, नई," म्हणत त्याने ते उष्टं पान तिच्या हातांतून काढून घेतलं. तिच्या बोटांना त्याची बोटं लागली. मग त्याने खांद्यावरच्या फडक्याने तिच्या पुढची जागा पुसली आणि तिचं पान घेऊन आत गेला.

माय तशीच उभी. हात अजून पान धरल्यासारखे. ती त्या रिकाम्या हातांकडे पाहत होती. मग तिने डोमाजीला हळूच विचारलं, "कावून?"

तो शब्द त्याने कोणाकडून घेतला होता हे मला तेव्हा कळलं.

रशियन साहेबाला, फोरमनला, अण्णाला, मला, साऱ्या भिलाईला ज्याने हाच सवाल केला, त्याला आता उत्तर द्यायचं होतं. उत्तर त्याला ठाऊक होतं. पण त्याने मान फिरवली, डोळे कुठं न्यावे हे त्याला सुचेना, म्हणून त्याने समोरचा कप उचलला आणि सवयीने उलटा करून त्याचं बूड पाहू लागला.

कप भरलेला होता. चहा गरम होता आणि पॅन्ट पांढरी होती.

मद्रासी हॉटेलातली गोष्ट म्हणून लोक सांगतात ती एवढीच, की टरबूजाने आपल्या हाताने आपल्या अंगावर चहा ओतून घेतला. त्या दिवशीही सारं हॉटेल हसलं. डोमाजी हललाही नाही. पॅन्टमधून वाफ निघत होती आणि तो उलटा कप डोळ्यांपुढे धरून बसला होता, बूड कोरं होतं तरी किती तरी वेळ पाहत. मायने त्याच्या खिशातली वाटी काढून परत गाठोड्यात ठेवली, लुगड्याच्या पदराने त्याची मांडी पुसली आणि पुन्हा बाकावर बसली. या खेपेला कडेला नाही, टेकून बसली. आणि तिच्यासमोरचा चहा तिने बसून प्यायला.